शेकरूचा प्रसाद

भीमाशंकरला लोक महादेवाच्या दर्शनाला जातात. मी शेकरूच्या दर्शनाला गेलो, तेही मे महिन्यात आणि पांढरा शर्ट घालून. मंचर, घोडेगाव करत एसटी वर पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

"आत्ता?" चहावाल्या बाबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "आता तो खाऊन पडला असंल. सकाळच्याला याचं, नाहीतर उन्हं उतरल्यावर."

शेकरू, म्हणजे ही मोठी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. जेवणाची सुट्टी लांबणारच.

1985 साली इथलं सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य झालं, ते मुख्यतः याच्यासाठी. त्यात एकेकाची पाच-सहा घरटी. तीही बारीक फांद्यांच्या टोकांना, म्हणजे वजनदार पाहुणा येऊच नये. मला त्या दिवशी भाड्याने एक खोली मिळत नव्हती.

चार वाजता एका जांभळीखाली मान वर करून उभा राहिलो. पाच मिनिटांत शेजारी एक आजोबा येऊन वर बघू लागले. मग एक कुटुंब. मग अख्खी जीप. काय दिसतंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण एका आजींनी हात जोडले आणि पाठोपाठ चौघांनी.

तेवढ्यात वर पानं हलली. आपल्या अंगणातल्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं असतात. याला बहुधा सबंध रंगात बुचकळून काढलं असावं. पाठ तांबूस तपकिरी, पोट दुधी. धड फूट-सव्वा फुटाचं आणि शेपटी त्याहून लांब. फांदीवर आडवं बसून त्याने तोंड एका बाजूला काढलं, तोल सावरायला शेपटी दुसऱ्या बाजूला सोडली आणि दोन्ही हातांत जांभूळ धरून, गोल फिरवत, अगदी घरंदाजपणे कुरतडायला सुरुवात केली. निम्मं खाल्लं, निम्मं सोडलं. ते थेट माझ्या खांद्यावर.

"प्रसाद मिळाला हो तुम्हाला!" आजी गहिवरून म्हणाल्या.

मी मोबाइल काढेपर्यंत शेकरूने पलीकडच्या झाडावर झेप टाकली होती. ते वीस फुटांपर्यंत उडी मारतं. फोटोत माझा अंगठा आणि थोडं आकाश आलं आहे.

तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि गडद शर्ट घाला. माझा डाग लिंबानेही गेलेला नाही.