तीस वजा जाता

प्राथमिक शिक्षकाचे गणित म्हणजे पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवायला लागणारे गणित. ते सोपे असते, असे ते शिकवावे न लागणाऱ्यांचे ठाम मत आहे. जयपुरात या गणिताची वाट बारावीनंतर सुरू होते आणि पहिल्याच पायरीवर अडथळा दूर केलेला असतो. डी.एल.एड. या दोन वर्षांच्या शिक्षक-पदविकेच्या प्रवेशपरीक्षेला 600 गुण: मानसिक क्षमता, राजस्थानचे सामान्यज्ञान, अध्यापन अभिरुची आणि भाषा. गणिताचा स्वतंत्र विभाग नाही. मानसिक क्षमतेत आकड्यांच्या मालिका येतात, तेवढ्यावर भागते. किल्ले, मेळे, लोकदेवता यांच्या विभागाला मात्र 150 गुण. दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला विद्यार्थीही बिनदिक्कत आत जातो.

पुढची पायरी ‘रीट’, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. गुण 150, त्यांतले गणिताचे 30. खुल्या वर्गाला पात्रतेसाठी 90 गुण लागतात, विषयवार किमान गुणांची अट नाही. म्हणजे गणिताचे तीसही प्रश्न चुकवावेत, उरलेल्या 120 मध्ये 90 मिळवावेत आणि गणितासकट सगळे विषय शिकवायला पात्र व्हावे. ज्याला एवढाही धीर नाही, त्याने चार पर्यायांत डोळे मिटून खुणा कराव्यात. सरासरी साडेसात गुण पदरात पडतात. साडेसाती पुढे वर्गाला लागते.

आता प्रत्यक्ष गणित. पावणेदोन भागिले अर्धा. रीत सर्वांना पाठ: उलटा करा, गुणा, उत्तर साडेतीन. गणित-शिक्षणाच्या संशोधक लिपिंग मा यांनी 1999 च्या आपल्या पुस्तकात हेच उदाहरण 23 अमेरिकी आणि 72 चिनी शिक्षकांपुढे ठेवून त्यावर गोष्ट रचायला सांगितल्याचे नोंदवले आहे. बहुतेक चिनी शिक्षकांना ती साधली. अमेरिकी शिक्षकांत अर्थाला धरून अशी एकाचीच निघाली. जयपूरच्या जोहरी बाजारातला हलवाई ती न रचता जगतो: पावणेदोन किलो घेवर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या खोक्यांत भरले की तीन खोकी भरतात आणि चौथे अर्धे. भागाकार करूनही उत्तर वाढले कसे, हे त्याला विचारावे. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत ‘का’ला जागा नसते. मराठी वाचकाने यावर फार हसू नये. जुन्या शाळांत साडेतीनची औटकी घोकून घेत, तिथेही ‘का’ विचारणाऱ्याला छडीच मिळे. जयपूरला एवढीच लाज जास्त, की 1727 मध्ये शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाने दरबारी पंडित जगन्नाथ सम्राटांकडून युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात करवून घेतली होती, आणि त्या भूमितीत ‘का’ सांगितल्याशिवाय पान उलटत नाही.

2018 मध्ये बी.एड.धारकांनाही प्राथमिक वर्गांची दारे उघडली गेली. राजस्थान उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती बंद केली आणि 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडी घातली: लहान मुलांना शिकवणे ही वेगळी विद्या आहे. ते खरेच आहे. परिणामी गणितात एम.एस्सी. करून बी.एड. झालेला उमेदवार पाचवीला अपात्र, आणि दहावीनंतर गणित सोडून डी.एल.एड. झालेला पात्र. पहिल्याला अपात्र ठरवणे योग्य. दुसऱ्याच्या पात्रतेवर उपाय म्हणून पात्रतेच्या नियमांत गणिताच्या किमान गुणांची एक ओळ घालायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागत नाही.