उष्णकालीन शक्तिपात : वाहनाचे निदानपंचक

अध्यात्मात ‘शक्तिपात’ म्हणजे गुरूने आपली शक्ती शिष्याच्या ठायी उतरवणे. वाहनशास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ, भर वैशाखात, घाटाच्या मध्यावर, मागे ट्रकांची रांग लागलेली असताना इंजिनाची शक्ती उतरणे आणि ती कोणाच्याही ठायी न जाणे, असा घ्यावा लागतो. बोलभाषेत ‘गाडी ओढत नाही’, ‘पिकअप गेला’, ‘गाडी दम टाकते’ अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या विकाराच्या निदानाच्या दोन पद्धती सध्या रूढ आहेत : जो भाग सर्वांत अलीकडे बदलला त्याला दोष देणे, ही पहिली; आणि जो भाग अद्याप बदललेला नाही तो बदलून पाहणे, ही दुसरी. दोन्ही पद्धती गॅरेजच्या अर्थकारणास पोषक असल्या तरी गाडीस त्यांचा गुण येतोच असे नाही. म्हणून आयुर्वेदाने रोगपरीक्षेसाठी सांगितलेली हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती ही पाच साधने, म्हणजेच निदानपंचक, येथे चतुश्चक्री रुग्णास लावून दाखवले आहे.

१. हेतू

हेतू म्हणजे रोगाचे कारण. परंतु कारण शोधण्यापूर्वी मुळात रोग आहे काय, हे ठरवणे अगत्याचे असते. इंजिन पेट्रोलवर चालते असा मालकांचा समज असला तरी ते वस्तुतः हवेवर चालते, कारण जितकी हवा आत जाईल तितकेच पेट्रोल नीट जळते. हवा तापली की विरळ होते : पौषातील १५ अंश सेल्सिअसच्या पहाटेच्या तुलनेत नवतप्यातील, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ कडक दिवसांतील, ४५ अंशांच्या दुपारी तेवढ्याच आकारमानात सुमारे ९ टक्के हवा कमी भरते. इगतपुरीसारख्या साधारण ६०० मीटर उंचीच्या घाटमाथ्यावर हवेचा दाब उतरल्यामुळे आणखी ६ ते ७ टक्के घट होते. टर्बोचार्जर, म्हणजे हवा कोंबून भरणारा पंखा, असलेल्या गाड्या ही तूट बरीचशी भरून काढतात. इतरांना ती सोसावी लागते. त्यात एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असतो. ७९६ घनसेंटिमीटरच्या, सदतीसच्या आसपास अश्वशक्ती असलेल्या मारुती ८०० मध्ये एसीची तीन-चार अश्वशक्ती हा दहावा हिस्सा ठरे. म्हणूनच घाट लागताच ‘एसी बंद कर’ ही आज्ञा त्या काळी गणपतीचे नाव घेण्याइतकीच नियमाने उच्चारली जात असे.

तात्पर्य, पाच माणसे, दोन आंब्याच्या पेट्या, एक फणस आणि चालू एसी अशा अवस्थेतील लहान गाडी चढावर मंदावली, तर तो प्राकृत म्हणजे स्वाभाविक शक्तिक्षय समजावा, आणि त्याचा उपचार फणसापासून सुरू करावा.

२. पूर्वरूप

रोग प्रकट होण्याआधीची चिन्हे म्हणजे पूर्वरूपे. कूलंटच्या टाकीतील पातळी दर आठवड्यास बोटभर उतरणे, गाडी थांबवल्यावरही पंखा बराच वेळ घोंघावत राहणे, सिग्नलला एसीची हवा कोमट होणे आणि बॉनेटपाशी गोडसर वास येणे ही प्रमुख पूर्वरूपे होत. कूलंटातील ग्लायकॉल हा पदार्थ गोडसर वासाचा असल्याने शेवटचे चिन्ह गळतीचे निदर्शक मानावे. मालकाच्या ठिकाणी दिसणारे पूर्वरूप एकच, ते म्हणजे ‘काही होत नाही, जाईल’ हे वाक्य.

३. रूप

रूप म्हणजे प्रकट लक्षण. येथे ‘काय होते’ यापेक्षा ‘केव्हा होते’ हा प्रश्न अधिक फलदायी असतो, आणि तोच सहसा कोणी विचारत नाही.

तापमानाचा काटा चढत असेल आणि तो केवळ गर्दीत, गाडी उभी असताना चढून मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर दोष पंख्याकडे, त्याच्या मोटरीकडे किंवा रिलेकडे आहे, कारण वेगात असताना पंख्याचे काम वारा करतो. याउलट, गर्दीत ठीक आणि वेगात किंवा चढावर ताप असे दिसल्यास रेडिएटर आतून क्षारांनी वा बाहेरून धूळ-किड्यांनी चोंदलेला असणे, वॉटर बॉडी म्हणजे पाणी फिरवणारा पंप थकलेला असणे, किंवा थर्मोस्टॅट म्हणजे साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारी झडप अर्धीच उघडत असणे संभवते. चढलेला काटा एकाएकी खाली आल्यास आनंदित होऊ नये. पाणी पूर्ण संपल्यावर संवेदक कोरडा पडतो आणि मग काटा शवासनात जातो.

काटा जागेवर असूनही गाडी गुदमरून बंद पडत असेल आणि अर्ध्या तासाने काहीच घडले नसल्यासारखी चालू होत असेल, तर जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ‘व्हेपर लॉक’ समजावा. म्हणजे पंपाकडे ओढले जाणारे पेट्रोल वाटेतच उकळते आणि पंप द्रवाऐवजी वाफ ढकलत बसतो. आधुनिक गाडीत पंप टाकीतच बुडालेला आणि पेट्रोल दाबाखाली असल्याने हा विकार दुर्मीळ आहे. तेथे तापल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल किंवा क्रँकचा संवेदक यांच्यावर संशय घ्यावा.

चढावर ठणठण असा आवाज आल्यास तो ‘नॉकिंग’ होय, म्हणजे ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्याची वाट न पाहता उरलेल्या तापलेल्या मिश्रणाने आपणच पेट घेणे. इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा क्लच प्लेट घसरते आहे. सपाटीवर न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी लगेच थांबते आणि एकच चाक चटका बसण्याइतके तापते, तेव्हा ब्रेक जाम आहे. शेवटच्या दोन्ही विकारांत इंजिन निर्दोष असते आणि बॉनेटभोवती जमलेल्यांची संख्या तरीही तितकीच असते.

४. उपशय

उपचार करून पाहून त्याच्या परिणामावरून रोग ओळखणे म्हणजे उपशय. एका वेळी एकच बदल करावा, हा त्याचा मुख्य नियम होय. प्लग, फिल्टर, कॉइल आणि देव एकाच दिवशी बदलल्यास गुण कशाचा आला हे कळत नाही.

एसी बंद करताच शक्ती परतली, तर भार जास्त होता. मे महिन्यात हीटर पूर्ण लावल्यावर काटा उतरला, तर शीतनव्यवस्थेची क्षमता कमी पडते आहे, कारण हीटर हा वस्तुतः एक छोटा जादा रेडिएटर असतो. हा प्रयोग अचूक असला तरी कुटुंबीयांची लेखी संमती घेऊनच करावा. गाडीतील पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवताच ती चालू झाली, तर व्हेपर लॉक सिद्ध झाला. ही चिकित्सा प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडर यांच्या चालकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली आणि त्या फडक्याचे शास्त्रीय कार्यही तेथे संपले.

उपशयाच्या वेळी रस्त्यावर आपोआप एक वैद्यमंडळ भरते. त्यातील एक सदस्य डिझेलचा अनुभव पेट्रोलला लावून ‘एअर घेतला असेल’ म्हणतो, दुसरा ‘पंपावर भेसळ आहे’ म्हणतो, आणि तिसरा काही न बोलता रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेतो. पहिल्या दोघांचे ऐकून घ्यावे. तिसऱ्याचा हात धरावा.

५. संप्राप्ती

हेतूपासून रोगापर्यंतची साखळी म्हणजे संप्राप्ती. इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग उपयोगी कामास लागतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे अधिक आणि गाडीचा वेग कमी असतो, म्हणजे उष्णता भरपूर व वारा तुटपुंजा. पाणी तापते, सिलिंडर तापतो, मिश्रण अवेळी पेटू लागते, ते ओळखून संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि त्यामुळे शक्ती घटते. शक्ती घटताच चालक पाय आणखी दाबतो, पेट्रोल आणखी जळते आणि उष्णता आणखी वाढते. गाडीचा संगणक इंजिन वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो आणि चालक तीच अब्रू वाचवण्यासाठी वाढवू पाहतो, हे या रोगाचे मर्म होय.

निष्कर्ष

यावरून असे दिसते की, या विकाराच्या निदानाचे सर्वांत स्वस्त उपकरण म्हणजे कागदाचा एक चिठोरा. ऊन किती होते, चढ होता की गर्दी, काटा कोठे होता, एसी चालू होता काय, आणि गाडी किती वेळाने पूर्ववत झाली, या पाच नोंदी मिस्त्रीच्या हाती दिल्यास तो निम्मे भाग न उघडताच बाजूला सारू शकतो.

राहिला प्रश्न झाकणाचा. रेडिएटरमध्ये साधारण एक वातावरण इतका जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकण सैल होताच दाब जातो आणि त्या पाण्यातील काही भागाची तत्क्षणी वाफ होऊन उकळता फवारा बाहेर पडतो. घाटातील अशा प्रसंगी रुग्ण बहुधा आपोआप बरा होतो आणि वैद्यच रुग्णालयात दाखल होतो. म्हणून गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये आणि रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत, मग त्याला अर्धा तास लागो वा अधिक, झाकणास हात लावू नये. तेवढ्या वेळात फणस सोलून होतो.