रोषणाईने गाठ सापडत नाही

ऑक्टोबर उजाडला की इमारतींवर गुलाबी दिवे, पहाटे गुलाबी टी-शर्टांची दौड, ऑफिसात फितींचं वाटप. स्तनाच्या कॅन्सरसाठी हे सगळं चालतं. मग जमलेला पैसा नेमका कुठे जातो, हे विचारायला लाजायचं कारण नाही. ती फीतच मुळी या प्रश्नातून जन्मली.

कॅलिफोर्नियात शार्लट हेली नावाची बाई घरी बसून पीच रंगाच्या फिती बनवायची. सोबत एक कार्ड असे : अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अंदाजपत्रकातले जेमतेम 5 टक्के प्रतिबंधावर खर्च होतात, जाब विचारा. 1992 साली एका मासिकाने आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने तिच्याकडे फीत मागितली. हा धंदा आहे म्हणत तिने साफ नकार दिला. त्यांनी रंग बदलला, गुलाबी केला. फीत जगभर गेली, कार्ड मागे राहिलं.

आपल्याला तर पैसा कुठे घालायचा हे शोधायलाही लांब जायला नको. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या ताई दर 2 वर्षांनी हाताने तपासणी करत. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, फक्त बोटं. उरलेल्या वस्त्यांत कॅन्सरची माहिती तेवढी दिली. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले : तपासलेल्या वस्त्यांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण नुसती माहिती आणि शिकवलेला हात यांतलं अंतर पुरेसं स्पष्ट आहे.

2016 साली केंद्र सरकारने तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी आपल्या मार्गदर्शक सूचनांत घातली. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019 ते 21 च्या फेरीत, 30 ते 49 वयाच्या किती बायकांनी कधीतरी स्तनांची तपासणी करून घेतल्याचं सांगितलं? देशात 0.9 टक्के. शंभरात एकही नाही!

गावातली बाई अडाणी म्हणून तपासणीला येत नाही, असं समजू नका. गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. ‘दुखत नाही ना, मग सोयाबीन निघू दे, दिवाळी होऊ दे, मग दाखवू.’ ऑक्टोबर हा तिचा काढणीचा महिना. ती दवाखान्यात यायची वाट बघण्यापेक्षा तपासणारी ताई तिच्या दारात, शेतावर गेली पाहिजे. त्या ताईचं प्रशिक्षण, तिचा मेहनताना, तिचा प्रवास यांना पैसा लागतो. तो द्या.

आणि गाठ निघालीच, तर पुढे? शासकीय योजनेतून ऑपरेशनचं बिल भागतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, रेल्वेतही कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे. पण टाटा रुग्णालयासाठी परळला उतरल्यावर राहायचं कुठे? केमो दर 3 आठवड्यांनी, रेडिएशन आठवड्याचे 5 दिवस. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी हजारोंना छप्पर दिलं, तरी फुटपाथवर पथारी टाकणारी कुटुंबं संपलेली नाहीत. छातीतून निघालेली नळी, तिच्या टोकाला ड्रेनची बाटली, ती कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवलेली. आज किती मिली पाणी निघालं ते नवरा वहीत टिपतो, कारण डॉक्टर विचारणार. त्या नवऱ्याची मजुरी बुडते, ती कुठल्याच योजनेत बसत नाही.

स्तन काढल्यानंतर कृत्रिम स्तनासाठी हजारो रुपये नसतात, म्हणून कित्येकजणी कापडाचा बोळा आत खुपसून वर्षं काढतात. मुंबईत काही बायका सुती दोऱ्याने हलके स्तन क्रोशावर विणून फुकट देतात. ब्लाउजमध्ये बसतात, धुता येतात. त्यांना दोरा हवा असतो, पाठवायला टपालखर्च हवा असतो.

तेव्हा यंदा कुणी पावती फाडायला आलं की थेट विचारा : यातून किती बायका तपासल्या जाणार, किती जणींची राहायची सोय होणार, हिशेब कधी मिळणार? आकडे सांगता आले तर हात सैल सोडा. नाही सांगता आले, तर तीच रक्कम घेऊन दादरच्या धर्मशाळेत जा आणि तिथे पावती घ्या.