९६ बीपीएमचा माणूस

चाकणच्या कंपनी बसमध्ये कानात गाणी लावून मांडीवर ताल धरणारे पुष्कळ असतात. पण एखादा मधूनच डावी टाच खाली दाबतो, क्षणभर थांबतो आणि कपाळाला आठी घालतो. दाबायला उशीर झालेला असतो. तो लूपवाला.

पिंपरी-चिंचवडात ही जमात आता बऱ्यापैकी आहे. वय चाळिशीला टेकलेलं, हुद्दा डेप्युटी मॅनेजर, खातं शक्यतो क्वालिटी. मोशी, रावेत नाहीतर वाकडला दोन बेडरूमचं घर. त्यातली एक ‘म्युझिक रूम’, जिच्यात इस्त्रीचं टेबल आणि गव्हाची कोठीही असते. कॉलेजात त्याचा बँड होता. पुढे ड्रमर कॅनडाला गेला, बेसवाला होमलोन विकायला लागला, गाणारा फक्त स्वतःच्या लग्नात गायला. त्या तिघांच्या जागी याने एक खोकं आणलं. आमच्या मजल्यावरच्या या नगाला पोरं लूपेश म्हणतात. त्याला ते आवडतं.

खोकं म्हणजे हार्डवेअर सॅम्पलर. नुसतं लूपच करायचं तर साधं पेडल पुरतं. बॉसचं आरसी-२० हे २००१ साली आलं: पायाने दाबा, वाजवा, पुन्हा दाबा, वाजवलेलं फिरत राहतं, त्यावर दुसरं वाजवा. त्याच्या कितीतरी आधी रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी दोन टेपरेकॉर्डरांमधून एकच फीत फिरवून हेच केलं आणि १९७३ साली त्याचा अख्खा अल्बम काढला. जगातल्या बहुतेक गिटारवाल्यांचं एवढ्यावर भागतं. लूपेशचं भागलं नाही, कारण पेडल सगळी जबाबदारी पायावर टाकतं. आणि पंधरा वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस ऑपरेटरवर कधीच विश्वास ठेवत नाही, ऑपरेटर तो स्वतः असला तरी.

“काका, समजा टेम्पो ९६,” लिफ्टमध्ये तो मला धरतो. “एक बीट ६२५ मिलिसेकंद. चार बार, सोळा बीट, बरोबर दहा सेकंद. आता मी पाय ५० मिलिसेकंद उशिरा दाबला. लूप झाला १०.०५ सेकंदांचा. खाली ड्रममशीन दहावरच आहे. बारा-तेरा फेऱ्यांत अख्खा एक बीट सटकला! दोन मिनिटांत माल रिजेक्ट!” तोवर लिफ्ट तळमजल्यावर येऊन पुन्हा वर निघालेली असते.

सॅम्पलरमध्ये यावर तोड आहे. रेकॉर्डिंगची लांबी आधीच ठरवायची, ६४ स्टेप. बटण थोडं लवकर दाबलं तरी यंत्र पुढच्या बारच्या पहिल्या बीटची वाट बघतं, तिथे स्वतः सुरू होतं आणि ६४ स्टेप भरल्या की स्वतःच थांबतं. चूक करायला जागाच ठेवायची नाही, याला कारखान्यात पोका-योके म्हणतात. ते सांगताना लूपेशचे डोळे पाणावतात. शिवाय टेम्पो बदलला तरी सॅम्पल ताणून किंवा आवळून जुळवता येतं. फार ताणलं तर गिटार पाण्यात भिजवून वाळत घातल्यासारखी वाजते, पण ते सिंकमध्ये असतं.

त्याची सगळी गाणी ९६ वरच का, तर त्यांच्या लाइनचा टॅक्ट टाइम साठ सेकंद आहे. दर मिनिटाला एक गाडी, म्हणजे एका गाडीत सहा लूप. हा हिशेब त्याने प्लँट हेडलाही ऐकवला होता. प्लँट हेडने विचारलं, लाइन ५५ वर आणता येईल का?

‘सगळी गाणी’ हे मी सौजन्याने म्हटलं. प्रत्यक्षात पहिला लूप असतो. तो ऐकून तो मान हलवतो, पुसतो, पुन्हा घेतो. एकदा लूप बिघडला तेव्हा त्याने व्हाय-व्हाय ॲनालिसिसचा तक्ता भरला होता. पाय का चुकला? लक्ष गेलं. लक्ष का गेलं? आवाज आला. आवाज कसला? कुकरचा. कुकर का लागला होता? जेवायचं होतं. पाचव्या ‘का’पाशी बायको येऊन उभी राहिली आणि तक्ता तिथेच बंद झाला.

मी त्याला एकदा तबलावादनातल्या लेहऱ्याबद्दल सांगितलं. पेटीवाला सोळा मात्रांचं एकच वळण तासभर फिरवत बसतो, टाळ्या सगळ्या तबल्याला. तो हलला की सगळंच कोसळतं. माझ्या मते इतकं अवघड आणि इतकं बिनबोभाट काम आपल्या संगीतात दुसरं नाही. लूपेश भारावला. मग म्हणाला, “पण काका, पेटीवाल्याला क्लॉक कोण देतं?” मी म्हटलं, तबलजीकडे बघून तो लय हळूहळू चढवतो. हे त्याला अस्वस्थ करणारं होतं. त्याच्या जगात १९८३ साली मिडी आलं आणि दर बीटला २४ ठोके पाठवायचं ठरलं. एका यंत्राने पाठवायचे, बाकीच्यांनी मुकाट्याने मोजायचे. कोणी कोणाकडे बघायचं नाही.

गेल्या गणपतीत त्याने सोसायटीच्या आरतीला साथ केली. यंत्र ९६ वर लावलं. आपली आरती कशी असते ते ठाऊकच आहे: सुरुवात पेन्शनरांची, शेवट बाळगोपाळांचा. तिसऱ्या आरतीला टाळ्या इतक्या पुढे गेल्या की गिटार कालची वाटायला लागली. दुसरा कोणी खचला असता. याने रोज मोबाइलवर आरती रेकॉर्ड केली, दहाही दिवस मोजली आणि वर्षभर खपून तिचा नकाशा बनवला. पहिली ८४ वर, दुसरी ९२, देवीची १०४, शेवटच्या लोटांगणाला १४०. प्रत्येक टप्पा वेगळ्या पॅटर्नवर, प्रत्येकाचे लूप वेगळे. यंत्राने माणसांच्या मागे जायचं, हे त्याने कबूल केलं होतं. मला खरंच कौतुक वाटलं.

यंदा पहिल्याच दिवशी झांज ज्याच्या हातात आली तो तिसऱ्या शिफ्टला निघालेला होता. गेटवर बस यायला दहा मिनिटं होती. त्याने पहिल्याच आरतीला १३० ची लय पकडली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. लूपेश टेम्पोचं बटण पिळत मागे धावत होता. प्रसाद घेताना तो माझ्याजवळ आला.

“काका, नकाशा बरोबर होता,” तो म्हणाला. “शिफ्टचा रोस्टर घ्यायचा राहिला.”