थोरली पाती, धाकटी पाती

दोन मुलग्यांच्या आईला आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात जो मान मिळतो, तो एरवी फक्त साखर कारखान्याच्या चेअरमनला मिळतो. कुठल्याही लग्नात जा, एक मावशी हनुवटीला हात लावणारच. "नशीब काढलंस बाई! राम-लक्ष्मणाची जोडी हाय." या मावशींच्या यजमानांची सख्ख्या भावाशी बांधावरून केस चालू असते आणि तिची पुढची तारीख त्यांना नातवाच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ असते. पण ते असो. राम-लक्ष्मण चौदा वर्षं गुण्यागोविंदानं राहिले, कारण वनवासात वाटून घ्यायला काही नव्हतं. आमच्या घरात बिस्किटं आहेत, एकच रिमोट आहे आणि आज्जीच्या कुशीला बाजू दोन असल्या तरी भिंतीकडची एकच आहे.

थोरला तिसरीत, धाकटा मोठ्या गटात. पहिली फिर्याद दात घासायच्या आधी दाखल होते. "आई, हा माझ्या बाजूला तोंड करून श्वास घेतोय." मी पोळ्या लाटत निकाल देते की श्वास सामायिक आहे. त्यावर अपील होतं.

बिस्किटाचा पुडा फोडला आणि संख्या विषम निघाली की घरात जमावबंदी लावायची वेळ येते. शेवटचं एक मोडून अर्धं-अर्धं द्यावं, तर मोडलेलं बिस्कीट हे बिस्कीटच नव्हे, असं धाकट्याचं म्हणणं. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आपल्याकडे शेतीला लागू झाला, बिस्किटाला कुणी लावलाच नाही. शेवटी कुठल्याशा शहाण्या माणसाची जुनी युक्ती काढली, एकानं कापायचं आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं. फार न्याय्य पद्धत. आता थोरला धिरडं कापायला पट्टी घेऊन बसतो आणि धाकटा ताटाला प्रदक्षिणा घालून दोन्ही तुकडे वाकून न्याहाळतो. धिरडं चामड्यासारखं गार होतं. सरकारी भूकरमापकानं येऊन खुणा रोवल्या असत्या तर निदान गरम तरी खाल्लं असतं दोघांनी.

झोपायच्या पलंगावर मधोमध लोड ठेवलाय. त्याला आमच्याकडे वारणा म्हणतात. छत्रपती शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून १७०७ साली सुटून आले, तेव्हापासून सातारा आणि कोल्हापूर यांच्यातला वाद जो चालला तो १७३१ साली वारणेच्या तहानं मिटला. वारणेच्या उत्तरेला शाहूंचं राज्य, दक्षिणेला त्यांचे चुलतभाऊ संभाजी महाराज यांचं. चोवीस वर्षं लागली मोठमोठ्या मुत्सद्द्यांना. आमचा तह रोज रात्री होतो आणि धाकट्याचा पाय झोपेत वारणा ओलांडतो तेव्हा मोडतो. पाय झोपेत होता की जागा, यावर सकाळी चौकशी बसते.

माझं सासर साताऱ्याला, माहेर सांगलीला. त्यामुळे सुट्टी लागली की एसटी, आणि एसटी म्हणजे खिडकी. सुरुवातीला मी ठरवून दिलं होतं, कराडपर्यंत थोरला, कराडपासून पुढे धाकटा. एक-दोन खेपा सुरळीत गेल्या. मग थोरल्याला किलोमीटरचे दगड वाचता यायला लागले. शिक्षणाचे तोटे आहेत. कराड बरोबर मध्ये नाही, साताऱ्याकडे सरकलेलं आहे, म्हणजे आपण आजवर नागवले गेलो, हे त्यानं भर बसमध्ये कंडक्टरला साक्षीदार ठेवून सिद्ध केलं. मग हद्द पेठनाक्यावर नेली. आता धाकट्याचा मुलूख कमी झाला. तो पेठनाक्यापासून आष्ट्यापर्यंत असा रडला की पुढच्या सीटवरच्या आजोबांनी त्याला आपली खिडकी देऊ केली. त्यानं ती घेतली नाही. त्याला खिडकी नको होती, दादाची खिडकी हवी होती.

तेव्हापासून कराड ते पेठनाका हा वादग्रस्त टापू मी स्वतःच्या ताब्यात घेतलाय. तिथे खिडकीत मी बसते, मस्त वारा लागतो. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. कंपनी सरकारनं साताऱ्यात दुसरं काय केलं? १८३९ साली प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं आणि त्यांच्याच धाकट्या भावाला, आप्पासाहेब शहाजींना, गादीवर बसवलं. थोरले १८४७ साली काशीलाच वारले, धाकटे १८४८ च्या एप्रिलमध्ये. त्याबरोबर दत्तक नामंजूर आणि राज्य खालसा. थोरल्या महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षं खेटे घालत बसले, त्यांच्या पदरात काही पडलं नाही. ही गोष्ट मी दोघांना मोठ्या आशेनं सांगितली. एकीचं बळ वगैरे त्यांच्या डोक्यात शिरेल असं वाटलं होतं. धाकट्यानं विचारलं, "मग काशीला जाताना खिडकीत कोण बसलं?"

सांगलीत उतरल्यावर निदान तिथे तरी काही बंधुप्रेमाचं वारं लागावं! पण हे गाव राजधानी झालं तेच मुळी घरातल्या वाटणीमुळे. चिंतामणराव पटवर्धनांचं मिरजेवरून चुलत्यांशी, गंगाधररावांशी, बिनसलं आणि १८०१ च्या सुमारास त्यांनी सांगलीला वेगळा संसार थाटला. मागे उरलेल्या मिरजेचे १८२० साली आणखी भाग पडले, त्यातून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. धाकट्या पातीनं कारभार बुधगावला नेला. सांगलीहून हाकेच्या अंतरावर दोन राजे, दोन दरबार आणि दोन खजिने, हे ऐकून माझ्या धाकट्याला पहिल्यांदाच इतिहास आवडला. आता तो स्वतःला धाकटी पाती म्हणवतो आणि स्वयंपाकघर हे आपलं बुधगाव आहे असं सांगून शेंगदाण्याच्या डब्यावर हक्क सांगतो.

आणि हे दोन जिल्हे तरी कोण? १९४९ पर्यंत एकाच घरात नांदत होते. मग उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशा चुली वेगळ्या झाल्या आणि १९६० साली दक्षिणेकडच्यानं नावही बदलून सांगली घेतलं. त्या वेगळं होण्याआधीच्या साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं. १९४३ पासून पुढची तीनेक वर्षं त्यांची न्यायदान मंडळं गावोगावी बसून तंटे मिटवायची. इंग्रजांच्या कोर्टाची पायरी चढायची गरज नाही म्हणून लोक खूश. माझ्या आईला वाटतं ते मंडळ अजून चालू आहे आणि तिची नेमणूक तहहयात आहे.

तिच्यासमोर खटला आला, भडंगातले शेंगदाणे दादानं वेचून खाल्ले आणि मला नुसते चुरमुरे ठेवले. पुरावा भक्कम, लसूणसुद्धा थोरल्यानं सोडलेली नव्हती. आईनं निकाल दिला, "आसूंदे बाळा, तू थोरला हाईस न्हवं? ल्हानाला दे की मग." आणि डब्यातले उरलेले दाणे धाकट्याच्या वाटीत पडले. पुढच्या खटल्यात चोर धाकटा होता. निकाल तोच. "थोरला हाईस न्हवं?"

हे वाक्य मी लहानपणी माझ्या मोठ्या भावाला ऐकवलेलं ऐकलंय, नवऱ्यानं ते त्याच्या वाटचं ऐकलंय आणि आता आम्ही दोघंही ते बिनदिक्कत वापरतो. तीन वर्षं आधी जन्माला आल्याचा दंड पोरगं रोज भरतं. त्यानं एकदा शांतपणे विचारलं, "मोठा आहे तर मला मोबाईल का नाही?" उत्तर काय द्यायचं? "तू अजून लहान आहेस" असं म्हणाले. धाकट्याचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे. त्याच्या अंगावर आजवर आलेला प्रत्येक स्वेटर आधी दादाच्या अंगावरून आलाय, रेनकोटच्या आत दादाचं नाव आहे आणि शाळेत बाई त्याला दादाच्या नावानं हाक मारतात. म्हणजे एकाला सगळं आधी सोडावं लागतं आणि दुसऱ्याला सगळं नंतर मिळतं, आणि यालाच आपण समान वागणूक म्हणतो.

एका गोष्टीची वाटणी मात्र दोघांपैकी कुणी कधी मागितली नाही. भांडी. म्हणून ती मीच करून दिली. जेवल्यावर थोरल्यानं ताटं घासायची, धाकट्यानं पुसायची, अंथरुणाच्या घड्या दोघांनी घालायच्या. पहिल्या आठवड्यात एक काचेचा पेला गेला, दुसऱ्यात दुसरा गेला, आणि दोन्ही वेळा तो आपोआप फुटला यावर राम-लक्ष्मणाचं पूर्ण एकमत होतं. पण खरा कल्लोळ झाला तो पाहुण्यांत. "पोरांना कसली गं कामं लावतीस?" असं आधी झालं. मग दुसऱ्या काकू हळहळल्या, "एक पोरगी पाहिजे हुती बघ तुला. हाताखाली झाली असती."

बघा म्हणजे. दोन मुलगे झाले तेव्हा याच काकू पेढे मागायला पहिल्या आल्या होत्या. तेव्हा मुलगी नाही हे भाग्य होतं. आता भांडी पडली तर मुलगी नाही ही अडचण आहे. याच साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरात जिल्हा परिषदेनं ‘नकोशी’ नावाच्या अडीचशेहून जास्त मुली शोधून त्यांना नवी नावं दिली. मुलग्याची वाट बघता बघता मध्येच जन्मल्या म्हणून आईबापांनी ते नाव ठेवलेलं, आणि शाळेच्या हजेरीत रोज त्याला ‘हजर’ म्हणायचं. त्याच वर्षीच्या जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली नऊशेसुद्धा भरल्या नाहीत. म्हणजे माझी हनुवटी धरतात ती काही माझ्या कर्तबगारीसाठी नाही. ज्या शर्यतीत मी नाव दिलंच नव्हतं, तिचं बक्षीस आहे ते.

त्या शर्यतीचं कारणही मला एका मामांनी जेवणाच्या पंगतीत, बासुंदीची वाटी हातात धरून, उलगडून सांगितलं. "दोघंच हायत ते बरं. हिस्सा मागायला तिसरं कुणी न्हाई." हे मामा स्वतः भावाशी चार गुंठ्यांवरून बोलत नाहीत. त्यांच्या तिन्ही बहिणींनी मात्र एका दुपारी निबंधक कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर मुकाट सह्या केल्या आणि येताना मामांनी त्यांना हॉटेलात मिसळ खाऊ घातली. माझ्या घरात मिसळ खाऊन कुणी बिस्किटाचा हक्क सोडत नाही, एवढं तरी मी दोघांबद्दल अभिमानानं सांगू शकते.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. हक्कसोड लिहून देणं ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही. ते ओवाळणीच्या वेळी कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितलं. यंदा भाऊबिजेला ताटात साडी आली आणि साडीखाली कागद आला, तर साडी ठेवून घ्या आणि कागद वाचायला घरी न्या.