क्वालिटीवाल्याचा लाल डबा

पिंपरी-चिंचवडमध्ये माणसाचं नाव नंतर कळतं, खातं आधी. कुणी मेंटेनन्सवाला, कुणी डिस्पॅचवाला, कुणी एचआरवाला (याच्याशी बाकीचे बेतानंच बोलतात). यांतला क्वालिटीवाला मात्र वेगळ्याच मातीचा. बाकीचे गेटबाहेर पडले की माणसांत येतात. हा कंपनीच्या बसमधून उतरतो तोच तपासणी करत. लिफ्टचं दार किती वेळात बंद होतं, मुलीच्या वहीतला समास सरळ आहे का, सगळं त्याच्या नजरेखालून जायचं. लग्नात पंगतीला बसला तरी आधी जिलबीचे वेढे बघतो, मग जिलबी.

अशा माणसानं घरी बिस्किटं भाजायला घ्यावीत, हे त्याच्या बायकोचं प्रारब्ध. पण हल्ली मोशी-चिखलीपासून प्राधिकरणापर्यंत घरोघरी ओटीजी आले आहेत, आणि पन्नाशीकडे झुकलेला एखादा क्वालिटीवाला त्याच्या काचेसमोर उकिडवा बसलेला दिसतो.

लागण बहुधा विलायतेत होते. २००८ साली टाटांनी जग्वार-लँड रोव्हर घेतली आणि पिंपरीच्या माणसाला कॉव्हेंट्री, सोलिहल ही नावं तळेगाव-चाकणइतकी सवयीची झाली. तिकडून परतताना शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी स्वस्त आणि मस्त म्हणून शॉर्टब्रेडचा लाल चौकड्यांचा डबा यायचा. बाकीच्यांच्या घरी तो रिकामा होऊन त्यात सुई-दोरा गेला. क्वालिटीवाल्यानं मात्र डब्यामागचा मजकूर वाचला. मूळ हिशेब वजनाचा: एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. अंडं नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. त्याला हे फार भावलं. तीनच इनपुट, म्हणजे घोळ कुठे झाला ते लगेच सापडणार!

शॉर्टब्रेडमध्ये चहा घालायची कल्पनाही तिकडचीच. फक्त तिकडे घालतात अर्ल ग्रे, बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल लावलेला. त्याचा पहिला घाणा बायकोनं तोंडात टाकला आणि म्हणाली, "अहो, देवघरात बसून खाल्ल्यासारखं वाटतंय." त्याने ही तक्रार 'कस्टमर कंप्लेंट' म्हणून वहीत तारखेनिशी नोंदवली. कस्टमर म्हणजे अर्थात बायको. बिल देत नाही, पण माल परत पाठवते.

मग तपास सुरू झाला. टपरीवरच्या चहाची चव बिस्किटात आली पाहिजे, एवढं ठरलं. पण टपरीचा चहा उकळून ओतता येत नाही. पाणी पडलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि बिस्किटाची सुपारी होते. पत्तीचा चहा तसाच घातला तर दातांत कचकच. उपाय निघाला आंबेठाण चौकातल्या टपरीवर, रात्रपाळी सुटायच्या वेळी. टपरीवाल्याच्या बरणीत होती बारीक डस्ट, सीटीसीची. ही सीटीसी पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. दातेरी रोलरच्या जोड्यांतून पान चिरडून, फाडून, वळवून काढतात. दातेरी रोलर म्हटल्यावर क्वालिटीवाल्याचा चहाविषयीचा आदर दुप्पट झाला. तीच डस्ट साखरेबरोबर आणि वेलदोड्याबरोबर मिक्सरमधून पिठीसारखी काढायची, आणि कोमट बटरमध्ये गवती चहाची दोन पाती मुरवून गाळून घ्यायचं. बटर चहाचा वास धरून ठेवतं आणि गवती चहाचा लिंबासारखा गंध बर्गमॉटची उणीव भासू देत नाही. हे त्याचं खरंच डोकं आहे, मान्य करायला हवं.

यानंतर मात्र स्वयंपाकघराचं शॉप फ्लोअर झालं. भोसरीतल्या मित्राच्या लेथवर स्टेनलेसचा कटर टर्न करून आणला. पोळीच्या लाटण्याला दोन्ही टोकांना रबरी रिंगा बसल्या, का तर जाडी सगळीकडे दहा मिलिमीटर यावी. तरी लाटून झालं की व्हर्नियर लागतोच. ओव्हनच्या गोल बटणावर त्याचा विश्वास नाही. आत थर्मोकपल सोडलेलं असतं, कारण बटण एकशेसाठ म्हणतं तेव्हा आत भलतंच काही चाललेलं असतं. फ्रिजमधल्या बिनमिठाच्या बटरवर चिकटपट्टी: 'पोळीला लावू नये'. बिस्किटांवर चहाचे ठिपके दिसले तेव्हा 'सरफेस डिफेक्ट' म्हणून आख्खा ट्रे होल्डवर गेला. "चहा घातलाय तर चहा दिसणारच ना!" हे बायकोचं म्हणणं लेखी कळवल्यावर मान्य झालं.

आणि मास्टर सँपल. सगळ्यात जमलेलं एक बिस्कीट सही-तारखेसह पिशवीत घालून शोकेसमध्ये ठेवलेलं असतं. पुढचा माल त्याच्याशी ताडून बघायचा. एका घरी ते नातवानं खाल्लं. आजोबांनी आरडाओरडा केला नाही. कागद घेतला आणि कंपनीच्या रिवाजाप्रमाणे पाच वेळा 'का' विचारलं. का खाल्लंस? भूक लागली होती. का लागली? शाळेतून आलो तेव्हा डबा बंद होता. का बंद होता? त्यावर 'होल्ड' लिहिलं होतं. होल्ड का? तपासणी व्हायची होती. तपासणी का राहिली? तुम्ही झोपला होतात. मूळ कारण सापडलं. कागद फाइलला लागला, खाली आजोबांची सही आहे.

यांचा गुरुवार विशेष बघण्यासारखा. या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, म्हणून बिस्किटांचा बेत गुरुवारी. आणि दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात तीही बहुतेक गुरुवारीच. ट्रे आत जाऊन दहा मिनिटं होतात आणि दिवा जातो. सोसायटीत बाकीचे पंखा बंद झाला म्हणून हळहळतात. हा ओव्हनचं दार न उघडता घड्याळ लावून बसतो आणि तापमान किती वेगानं उतरतंय ते लिहून घेतो.

नानकटाईचा विषय याच्यासमोर काढू नये. त्याच्या सासूबाई काढतात. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, डालडा, पिठीसाखर असं सामान डब्यांत भरून बायका बेकरीत जायच्या, नंबर लावायच्या, गप्पा मारत बसायच्या आणि भट्टीतून निघालेल्या पत्र्यांवरची नानकटाई मोजून घरी आणायच्या. सासूबाई सांगतात, भट्टीवाला हात आत घालूनच ओळखायचा, तापली की नाही ते. क्वालिटीवाल्याला हे ऐकवत नाही.

"त्याच्याकडे डेटा काय होता?"

"डेटा नव्हता, पण रांग दारापर्यंत होती," सासूबाई म्हणतात.

वर त्या हेही सांगतात की तुझ्या बटरात पाणी असतं, डालड्यात नसतं, म्हणून आमची जास्त खुसखुशीत. हे शास्त्राला धरून आहे, त्यामुळे जास्तच झोंबतं.

खाणाऱ्यांनी तरी नियम पाळावेत! पण मराठी माणसाच्या हाती बिस्कीट आलं की कपाकडेच जाणार. "अहो, चहा आत आहे, परत चहात कशाला?" असं तो कळवळून विचारतो, तोवर अर्धं बिस्कीट विरघळून तळाला गेलेलं असतं. इतकं बटर असलेलं बिस्कीट पार्ले-जीसारखा तग धरत नाही.

इतकं सगळं होऊन बिस्किटं कशी होतात? उत्तम होतात. बेकिंग हे अंदाजाचं काम नाही, वजन-तापमानाचं आहे, आणि ते या माणसाइतकं कुणाला जमणार? फक्त कौतुकाची अपेक्षा त्याच्याकडून करू नका. स्वतःचं बिस्कीट खाऊन तो फार तर "ओके" म्हणेल. ओके माल काचेच्या बरणीत बंद होतो, त्यावर लॉट नंबर पडतो. कड चिरलेला, जाडीत अर्धा मिलिमीटर चुकलेला रिजेक्ट माल जातो ओट्याखालच्या लाल डब्यात. सोसायटीतली पोरं, वॉचमन आणि घरकामाच्या मावशी या लाल डब्यावर खूश असतात. चवीत काडीचा फरक नसतो आणि सही करावी लागत नाही.

तुम्ही कधी गेलात, तर बरणीकडे बघू नका. सरळ लाल डबा मागा. आणि गुरुवार सोडून जा.