विषय: ड्रॉपडाउन उघडल्याबाबत

नाशिककराला पुराची पातळी आकड्यांत सांगून उपयोग नसतो. गंगापूर धरणातून किती हजार क्युसेक पाणी सोडलं हे पेपरात छापून येतं, पण घरात विचारतात ते एवढंच, "दुतोंड्या मारुतीला कुठंपर्यंत लागलंय?" गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. २०१६ आणि २०१९च्या पुरातही सगळ्यांचे डोळे गोदाघाटावरच्या याच मूर्तीकडे होते. माहिती एक, ती बघायची जागा एक. पंचवटीचा मारुती कमरेइतका बुडालाय आणि कॉलेज रोडचा कोरडा आहे, अशी भानगड नाही.

आमच्या धंद्यात मात्र ही भानगड रोजची. मी द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटचे स्क्रीन लिहितो. युरोपला माल जायचा तर कोणतं औषध कधी मारलं याचा हिशेब लागतो. हे स्क्रीन रिॲक्टमध्ये आहेत. फेसबुकनं २०१३ मध्ये रिॲक्ट सगळ्यांना खुलं केलं आणि स्क्रीन म्हणजे कॉम्पोनंटांची जुळणी, हे वळण आम्हाला लागलं. प्रत्येक कॉम्पोनंटला आपल्यापुरतं थोडं लक्षात ठेवता येतं: ड्रॉपडाउन उघडा की बंद, चौकटीत आत्ता काय टाइप झालंय. हे लोकल स्टेट. फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक्स आले तेव्हापासून त्याला युजस्टेटची एक ओळ पुरते. ती दोन गोष्टी हातात देते, आत्ताची किंमत आणि ती बदलायचं फंक्शन.

एका ओळीत होणाऱ्या कामाला इज्जत नसते. आमच्या सीनियरना तर ते काम वाटतच नाही. त्यांचं सगळं रिडक्सच्या स्टोअरमध्ये, म्हणजे साऱ्या स्क्रीनांच्या एकाच सामायिक कोठारात. शेतकऱ्यानं औषधांच्या यादीवर बोट ठेवलं की "ड्रॉपडाउन उघडण्यात आला आहे" अशा अर्थाची ॲक्शन निघते, रिड्यूसर तिची दखल घेतो, स्टोअर बदलतं, आणि ज्यांना या ड्रॉपडाउनशी काही घेणंदेणं नाही असे कॉम्पोनंटही आपल्याला काही झालं का, हे तपासून घेतात. एकदा दोन ड्रॉपडाउनांनी स्टोअरमधली एकच नोंद वापरली. औषधाची यादी उघडली की खताचीही उघडायची. रिडक्सच्या दोन कर्त्यांपैकी एक, डॅन अब्रामॉव्ह, यांनी २०१६ मध्येच लिहून ठेवलंय की तुम्हाला रिडक्सची गरज नसेलही. सीनियरनी तो लेख वाचलाय. त्यांच्या मते तो इतरांसाठी आहे.

नवी पोरं याच्या बरोबर उलट. प्रत्येक कॉम्पोनंटात वेगळं स्टेट, कुणाचा कुणाला पत्ता नाही. बागेचं क्षेत्र वरच्या पट्टीत एक स्टेट, खालच्या फॉर्ममध्ये दुसरं. फॉर्ममध्ये पाच एकर केले तरी वर चारच. दिंडोरीकडच्या एका काकांचा फोन आला, "साहेब, माझी एक एकर बाग कुठं गेली?" हे दोन मारुती झाले. अशा वेळी स्टेट दोघांच्या जवळच्या सामायिक पालक कॉम्पोनंटकडे न्यायचं आणि त्यानं ते प्रॉप्समधून दोघांना द्यायचं. एवढ्यासाठी स्टोअर गाठायची गरज नाही.

ड्रॉपडाउनचं उघडणं मात्र ड्रॉपडाउनपाशीच राहू द्यावं. त्याची बातमी गावाला कशाला?

युजस्टेटचेही नखरे आहेत, नाही म्हणत नाही. बदलायचं फंक्शन चालवलं आणि पुढच्याच ओळीत किंमत छापली की जुनीच दिसते. आमच्याकडची एक नवी मुलगी वैतागून म्हणाली, "सर, बदललं, पण बदललं नाही." बरोबरच होतं तिचं. त्या रेंडरमधली, म्हणजे स्क्रीनच्या त्या मांडणीतली, किंमत त्या रेंडरपुरती. नवी बघायची तर पुढच्या रेंडरची वाट बघायची. म्हणून एकाच वेळी दोनदा वाढवायचं असेल तर "आधी जे असेल त्यात एक मिळव" असं फंक्शनच द्यावं लागतं, नाहीतर दोनदा सांगून एकदाच वाढतं.

सगळ्यात बेरकी प्रकार याद्यांचा. रिॲक्टला ओळ ओळखता यावी म्हणून तिला 'की' नावाची खूण द्यायची असते, आणि तिथं कुणीतरी अनुक्रमांक दिलेला असतो. पहिली ओळ पुसली की दुसरी पहिल्या जागी येते, आणि रिॲक्टला ती पहिलीच वाटते. लोकल स्टेट जागच्या जागी, ओळ तेवढी बदललेली. थॉमसनचा प्लॉट काढून टाकला तर त्याच्या चौकटीत लिहिलेलं डावणीचं औषध शरद सीडलेसच्या नावावर. बागेत न मारलेलं औषध कागदावर मारलं जातं, आणि निर्यातीच्या कागदांत असला विनोद कुणाला आवडत नाही. यावर उपाय फुकटचा आहे: प्लॉटचा स्वतःचा क्रमांक 'की' म्हणून द्या.

तेव्हा नव्या पोरांना स्टोअर दाखवायच्या आधी युजस्टेट नीट शिकू द्या. रिडक्स कुठं पळून जात नाही. आणि बागायतदार मंडळींना एक विनंती: स्क्रीनवर एकर कमी दिसले तर तलाठ्याकडे धाव घेऊ नका, आधी आम्हाला फोन करा.